टकटक येईपर्यंत

मी बोलतोय, टेबलावरून. वेळापत्रकाचे कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला काळपट लोखंडी गोळा दिसतोय ना, तोच मी. उचलून पाहा हवं तर. हाताला जड लागेन, कारण अंग पोलादाचं आहे आणि मनातही पुष्कळ साठलंय.

पूर्वी मी एका गाडीचा सी. व्ही. जॉइंट होतो. पुढच्या डाव्या चाकाच्या अगदी मागे माझी जागा. हे नाव तुमच्यापैकी निम्म्या लोकांनी ऐकलेलंच नसेल आणि उरलेल्यांनी मेकॅनिकच्या तोंडून वाईट बातमी म्हणून ऐकलं असेल. इंजिनाचं कौतुक होतं, रंगाचं होतं, सीटवरच्या कव्हरांचंसुद्धा होतं. आमची आठवण आम्ही मोडल्यावर येते.

तेव्हा आधीच सांगून ठेवतो, निमूटपणे झिजून कृतार्थ झालेल्या वस्तूची कहाणी ऐकायला बसला असाल तर उठा. मी कृतार्थ वगैरे काही झालेलो नाही. मला छळलं गेलं, मी दातओठ खात वाट पाहिली आणि सूड घेतला. तो अजून संपलेला नाही.

माझं काम काय, ते थोडक्यात सांगतो, म्हणजे माझा राग तुम्हाला कळेल. ज्या गाडीची पुढची चाकं गाडी ओढतात, तिथे त्या बिचाऱ्या चाकांना दोन कामं असतात. ओढायचंही आणि वळायचंही. इंजिनाकडून येणारा दांडा सरळ असतो, चाक मात्र कधी इकडे वळतं, कधी तिकडे. सरळ दांड्याने वळलेलं चाक फिरवायचं, तेही न अडखळता, एकाच वेगाने, म्हणजे मधे कोणीतरी वाकणारा हवा. तो मी. माझ्या पोटात सहा पोलादी गोळ्या, त्यांना धरून ठेवणारा एक पिंजरा, गोळ्यांना घरंगळायला खोबणी आणि सगळ्यावर दाट काळं ग्रीस. ते ग्रीस सांडू नये आणि धूळ आत येऊ नये म्हणून वरून घड्याघड्यांचा रबरी बूट. बूट धड तर ग्रीस धड, ग्रीस धड तर मी धड. माझं सगळं शास्त्र एवढंच. हे पाठ करायला काही घोकंपट्टी लागत नाही, पण माणसांना तेवढंही जमत नाही.

माझा जन्म भट्टीत झाला. लालबुंद होतो, घणाखाली बसलो, मग पाण्यात बुडवला गेलो आणि कडक झालो. नंतर एका बाईंनी मला कानाशी धरून हाताने फिरवलं. कारखान्यात त्यांचं कामच ते, आवाज ऐकायचा. मी गप्प फिरलो. त्यांनी मान हलवली आणि मला 'चांगला' म्हणून पुढच्या पेटीत ठेवलं. गप्प बसणं हाच आमचा गुण. त्या गुणाचा पुढे काय उपयोग झाला, ते ऐका.

पहिला मालक भेटला तो घड्याळजी. चष्म्यावर चष्मा चढवून दिवसभर बारीक चाकांत डोकं घालणारा माणूस. गाडीकडेसुद्धा तो मोठं घड्याळ असल्यासारखाच पाहायचा. तेल बदलायच्या दिवशी स्टिअरिंग एका अंगाला पूर्ण वळवून ठेवायचा, मग चटईवर आडवा होऊन बॅटरीच्या उजेडात माझ्या बुटाची एकेक घडी बोटाने उलगडून बघायचा. कुठे भेग आहे का, पट्टी सैल आहे का, चाकाच्या आतल्या बाजूला काळे शिंतोडे आहेत का. झालं की बुटावर हलकीशी टिचकी मारायचा आणि म्हणायचा, "चालू द्या."

त्याच्या बायकोला ते बघवत नसे. "अहो, गाडीखाली किती वेळ? माझ्या गुडघ्याला कधी एवढं बघितलं नाहीत."

"तुझ्या गुडघ्याला बूट नाही ना!" हा आतूनच ओरडायचा.

सुखाचे दिवस होते. मग त्याची नजर अधू झाली, त्याने दुकान बंद केलं आणि गाडी विकायला काढली. घेणाऱ्याला त्याने स्वतः वाकून दाखवलं. "डाव्या बुटाला बारीक भेग पडतेय बघा. अजून फाटलेला नाही. एवढा बूट बदला, नवं ग्रीस भरा, जॉइंट तुमच्या नातवंडांना पुरेल."

घेणारा म्हणाला, "हो हो, उद्याच."

तो 'उद्या' अजून उजाडायचाय.

घेणाऱ्याची गाडी शिकवायची शाळा होती. रस्त्याच्या कोपऱ्यावर एक खोली, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता, चार प्लास्टिकच्या खुर्च्या आणि हेच टेबल. सगळे त्याला सर म्हणतात. मी म्हणणार नाही. मी त्याला मास्तर म्हणतो आणि तेही एकेरीत. त्याच्या बायकोला सगळे शिकाऊ लोक वहिनी म्हणतात. त्यांना मात्र मीही वहिनीच म्हणेन, आणि मानाने. का, ते पुढे कळेल.

मास्तरने गाडीत शेजारच्या जागेसमोर दुसरा क्लच आणि दुसरा ब्रेक बसवून घेतला, दारांवर शाळेचं नाव रंगवलं, आरसे नवे लावले. वरचा थाट सगळा झाला. खाली वाकायला मात्र त्याची कंबर दुखत असावी. शिकाऊ गाडीचं जिणं म्हणजे काय विचारू नका. सरळ रस्ता नशिबात कमी. दिवसभर आपलं वळव, मागे घे, पुन्हा वळव. स्टिअरिंग टोकापर्यंत पिळायचं आणि वर ॲक्सिलरेटरवर घाबरलेला पाय. अशा गाडीत आमच्याकडे डोळ्यांत तेल घालून बघायला हवं. इथे डोळ्यांत तेल सोडा, माझ्या अंगावरचं ग्रीसही राहिना. भेगेचं भगदाड झालं, भगदाडातून ग्रीस उडालं, आणि उडालेल्या जागी रस्त्यावरची माती, खडी, पाणी हे पाहुणे मुक्कामाला आले.

रोज सकाळी गाडी वहिनी पुसायच्या. पहिल्यांदा त्यांनाच दिसलं. फडकं घेऊन त्या खोलीत आल्या.

"अहो, डाव्या चाकाच्या आत काळं काळं चिकट लागलंय. पुसलं तरी उद्या पुन्हा असतं."

"डांबर असेल."

"डांबर फक्त डाव्याच चाकाला लागतं का?"

"अगं, पुसायचं काम तुझं, गाडीचं काम माझं," मास्तर म्हणाला आणि फोन कानाला लावला. फोनवर कोणी नव्हतं. मला काचेतून दिसत होतं असं नाही, पण वहिनी नंतर चाक पुसताना तसं पुटपुटल्या.

त्या पुटपुटण्याची एवढी लाज मास्तरला वाटली की त्याने गाडी मिस्त्रीकडे नेली. या मिस्त्रीला लोक 'तात्पुरते' म्हणत. काहीही न्या, तो म्हणणार, "तात्पुरतं करून देतो." त्याने माझा फाटका बूट पाहिला, सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा वरून गुंडाळला आणि तारेने आवळला. आतली माती तशीच आत. जखम न धुता वर पट्टी बांधावी, तसं. आणि गाडी आणलीच आहे तर म्हणून मास्तरने नवे व्हीलकॅप बसवून घेतले. रोग म्हशीला आणि औषध पखालीला!

त्यानंतर माझ्या खोबण्या खरवडू लागल्या. गोळ्या पूर्वी घरंगळायच्या, आता उड्या मारायला लागल्या. सरळ जाताना मी कसाबसा सांभाळून घ्यायचो. पण चाक उजवीकडे टोकापर्यंत वळलं की सगळा भार माझ्यावर यायचा आणि मला राहवायचं नाही. टक्, टक्, टक्, टक्. आयुष्यभर गप्प राहिलेल्या माझ्या तोंडून निघालेला तो पहिला शब्द. दुसरा कोणी असता तर समजला असता.

ज्या दिवशी तो आवाज पहिल्यांदा मोठ्याने आला, त्या दिवशी गाडीवर एक शिवणकाम करणाऱ्या बाई होत्या. त्या दचकल्या. "सर, हा आवाज कसला?"

मास्तरला माहीत नव्हतं. पण 'माहीत नाही' हे शब्द त्याच्या शाळेच्या अभ्यासक्रमात नाहीत. त्याने एक क्षण समोर बघितलं आणि म्हणाला, "तो मुद्दाम ठेवलाय."

"मुद्दाम?"

"मग! शिकणाऱ्याला कळत नाही ना, स्टिअरिंग पूर्ण वळलं की नाही. म्हणून ही खूण. टकटक येईपर्यंत वळवायचं. टकटक आली की समजायचं, पूर्ण वळलं. दुसऱ्या कुठल्या शाळेत ही सोय मिळायची नाही."

उचलली जीभ, लावली टाळ्याला! मी कण्हत होतो आणि या माणसाने माझ्या कण्हण्याचा धडा केला. त्या दिवसापासून गाडीत रोज तेच. "वळवा, वळवा, टकटक येईपर्यंत वळवा. आली? शाब्बास!" लोकही खूश. परीक्षेला बसायच्या आधी एकमेकांना सांगायचे, सरांची टकटकची युक्ती लक्षात ठेव. एक पठ्ठ्या पास झाला, त्याने नवी कोरी गाडी घेतली आणि आठवड्याने तोंड पाडून शाळेत आला.

"सर, माझ्या गाडीला टकटक येतच नाही. फसवलं वाटतं मला."

मास्तर त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "नवी आहे रे. येईल हळूहळू."

मी त्याच दिवशी ठरवलं. मोडायचं तर आहेच, ते काही माझ्या हातात नाही. पण कुठे, कधी आणि कोणासमोर, एवढं मी माझ्या हातात ठेवेन. गल्लीच्या कोपऱ्यावर मोडून काय उपयोग? दोन माणसं ढकलतील, तात्पुरते मिस्त्री येईल आणि मास्तर म्हणेल, रस्ते खराब आहेत हो. मला चारचौघांत मोडायचं होतं. परीक्षेच्या मैदानावर, परीक्षकाच्या पुढ्यात, याच्या सगळ्या शिष्यांच्या डोळ्यांदेखत, हा 'ऐका टकटक' म्हणत असताना.

उजव्या चाकामागे माझा जुळा भाऊ होता. त्याचा बूट धड होता. तो मला समजवायचा, "जाऊ दे रे. आपलं काम वाकायचं. कशाला मनात ठेवतोस?" ज्याचं ग्रीस शाबूत आहे त्याला क्षमा परवडते.

दरम्यान शाळेत एक गोष्ट घडली. त्या शिवणकामवाल्या बाईंवर मास्तर भर रस्त्यात ओरडला. "अहो, मशीनवर पाय चालतो तुमचा, इथे काय लकवा मारतो का?" बाई सिग्नलला गाडीतून उतरल्या आणि रडत चालत्या झाल्या. वहिनींनी त्यांना खोलीत बसवलं, पाणी दिलं, आणि त्या गेल्यावर मास्तरसमोर उभ्या राहिल्या. मी बाहेर दाराशीच उभा होतो, सगळं ऐकलं.

"अहो, बायकांची सकाळची तुकडी मी घेते. फोनवर त्या माझ्याशीच बोलतात, वेळा मीच लावते. ही सोडून जाणारी पहिली नाही."

"तू? तुला साधी स्कूटर धड स्टँडला लावता येत नाही."

"गाडी शिकेन."

मास्तर मोठ्याने हसला. मग त्याला गंमत सुचली असावी. "ठीक आहे. पहिल्या फटक्यात परीक्षा पास हो, तुकडी तुझी. शिकवायच्या परवान्याचे पुढचे कागद मी स्वतः करून देतो. पण नापास झालीस, तर हा विषय या घरात पुन्हा निघायचा नाही. कबूल?"

"कबूल. तुम्हीच विसरू नका म्हणजे झालं."

वहिनी शिकू लागल्या. मास्तरने त्यांना इतरांपेक्षा जास्त झापलं, घरचं माणूस म्हणजे हक्काचं. "अगं वळव! आणखी! टकटक येईपर्यंत वळव!"

वहिनींनी वळवलं. टकटक आली. त्यांनी लगेच पाय उचलला.

"का थांबलीस?"

"आवाज आला की स्टिअरिंगमधून हाताला हिसके बसतात. काहीतरी दुखतंय तिथे."

"गाडीला दुखतंय? मग बाम चोळ!" मास्तर आपल्याच विनोदावर हसत राहिला.

दुपारी गाडी रिकामी असायची. वहिनी एकट्या मागच्या मोकळ्या जागेत गाडी काढायच्या आणि हळूहळू गोल फिरवायच्या. उजवीकडे थोडं वळवायचं, काच खाली, कान बाहेर. आणखी थोडं. आणखी. टक् झालं की जरासं परत घ्यायचं, मी गप्प. मग तेवढंच वळवून पाय हलका ठेवून बघायचा, मी गप्प. पाय जोरात दाबून बघायचा, टक्. असं किती दिवस चाललं, कोण जाणे. एकदा त्या साडी खोचून चाकाशेजारी आडव्या झाल्या आणि त्यांनी सायकलच्या ट्यूबची ती चिंधी बोटाने बाजूला सारली. आत माती मळलेली होती. घड्याळजीनंतर माझ्यापर्यंत पोचलेलं ते पहिलं बोट.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "म्हणजे खूण नव्हे ही."

त्याच संध्याकाळी त्यांनी मास्तरला सांगितलं. बूट फाटलाय, आतला जॉइंट गेलाय, परीक्षेच्या आधी बदलून घ्या.

"परीक्षेनंतर बघू."

"आणि परीक्षेत तुटला तर?"

"तर तू नापास," मास्तर म्हणाला. "आणि मग गाडीच्या माथी मारू नकोस हं. नाचता येईना अंगण वाकडं, असं व्हायचं."

हे ऐकून मी विरघळलो असं तुम्हाला वाटत असेल. नाही. मला वहिनींचं बोट आवडलं होतं, पण मी एवढे दिवस कशासाठी तग धरला होता? परीक्षेचं मैदान, परीक्षक, मास्तर, शिष्य, सगळे एका जागी येणार होते. गाडी कोण चालवतंय याच्याशी मला कर्तव्य नव्हतं. वळणाच्या टोकाला मोडायचं, बस. त्यात एका बाईची तुकडी बुडाली तर बुडाली. माझी कोणी काय काळजी केली होती?

परीक्षेचा दिवस उजाडला. मैदानाच्या एका अंगाला इंग्रजी आठच्या आकड्यासारखी आखलेली वाट, पलीकडे चढ, आणि बाहेर पडायचं फाटक तर चढावरच, तेही उजवीकडे काटकोनात वळून. कडेच्या बाकांवर मास्तरची शिकाऊ मंडळी, त्यांत त्या शिवणकामवाल्या बाईही वहिनींसाठी आलेल्या. परीक्षक म्हणजे एक कंटाळलेले गृहस्थ, हातात फळी, पायात चकचकीत बूट. फाटके नव्हेत.

वहिनी बसल्या. आरसा बघितला. गाडी आठच्या वाटेवर घेतली. डावीकडचा वेढा झाला आणि उजवीकडचा सुरू झाला. मी अंग आवळून बसलो. हिसका आला की मोडायचं, आला की मोडायचं. पिंजऱ्याला तडा आधीच गेला होता, एक हिसका पुरेसा होता.

तो हिसका आलाच नाही. वहिनींनी वेढा मोठा धरला, बाहेरच्या रेघेला अगदी लगटून. स्टिअरिंग टोकाच्या अलीकडे थांबवलं आणि पाय इतका हलका ठेवला की गाडी चालतेय की तरंगतेय कळेना. माझ्या कण्हण्याच्या केसभर अलीकडून त्या मला घेऊन गेल्या. रेघेला चाक लागलं नाही. चढावर थांबल्या, हँडब्रेक ओढला, सरळ चाकांनी निघाल्या. मला मोडायला जागाच ठेवली नाही बाईंनी. माझा सूड त्यांनी अलगद काढून घेतला, आणि खरं सांगू, मला राग आला आणि त्याच वेळी बरंही वाटलं.

परीक्षकांनी खिडकीत वाकून विचारलं, "वळण फार मोठं घेता तुम्ही. कारण?"

"गाडीचं डावं अंग दुखरं आहे, साहेब. पूर्ण वळवलं तर तुटेल."

"पास," परीक्षक म्हणाले आणि फळीवर खूण केली.

बाकांवरून टाळ्या पडल्या. शिवणकामवाल्या बाईंच्या सगळ्यात मोठ्या. इथे एखाद्या शहाण्याने बायकोचं अभिनंदन करून गाडी गुपचूप घरी नेली असती. पण 'डावं अंग दुखरं' हे शब्द मास्तरला झोंबले. चारचौघांत त्याच्या गाडीला नाव ठेवलं होतं, तेही घरच्याच माणसाने.

"साहेब, गाडीला काहीही झालेलं नाही," तो पुढे येत म्हणाला. "ही घाबरट आहे. माझ्या शाळेत असं शिकवत नाहीत. सरक गं, दाखवतो."

"अहो, नको. चढ आहे तिथे," वहिनी म्हणाल्या.

"सरक."

वहिनी उतरल्या, वळसा घालून शेजारच्या जागेवर जाऊन बसल्या. कित्येक वर्षं ती मास्तरची जागा होती. मास्तर स्टिअरिंगमागे बसला, काच खाली केली, गाडी फाटकाच्या चढावर नेली आणि थांबवली. मागे उतारावर परीक्षक, बाकांवरून उठून आलेली शिकाऊ मंडळी, सगळे बघत उभे. मास्तरने उजवीकडे स्टिअरिंग पिळलं. टोकापर्यंत. आणि डोकं बाहेर काढून ओरडला, "ऐका सगळ्यांनी! टकटक येईपर्यंत!"

आणि त्याने पाय दाबला.

तेव्हा मी मोडलो. आहाहा! आयुष्यात एवढं मोकळं मला कधी वाटलं नव्हतं. पिंजरा फुटला, माझी बाहेरची वाटी सुटली, ट्यूबची चिंधी फाटली आणि माझ्या गोळ्या डांबरावर टणटण उड्या मारत उताराने निघाल्या. एक थेट परीक्षकांच्या चकचकीत बुटाला जाऊन टेकली.

दांडा मोकळा फिरू लागला, चाकाला काही मिळेना. गिअर असून नसल्यासारखा. गाडी मागे घसरायला लागली. मास्तरला वाटलं जोर कमी पडतोय, त्याने आणखी दाबलं. इंजिन बोंबलतंय आणि गाडी मागे, माणसांच्या दिशेने. त्याने पाय उचलला तो घाईत क्लचवर दाबला. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चुकांवर शेजारून ओरडण्यात गेलेली, स्वतःच्या चुकीवर काय करायचं ते पायाला आठवेना. मागे किंकाळ्या उठल्या. शिवणकामवाल्या बाई गाडीच्या अगदी वाटेत होत्या.

गाडी थांबली. जागच्या जागी, एक झटका देऊन.

वहिनींनी शेजारचा ब्रेक दाबून धरला होता. दोन्ही हात मांडीवर, नजर आरशात. "हँडब्रेक ओढा," त्या हळूच म्हणाल्या. मास्तरने ओढला.

परीक्षक खाली वाकले, बुटाजवळची गोळी रुमालात उचलली आणि खिडकीशी आले. त्यांचा कंटाळा कुठल्या कुठे पळाला होता.

"सर, ही तुमची टकटक," ते म्हणाले आणि गोळी मास्तरच्या हातावर ठेवली. मग पलीकडे वाकून विचारलं, "ब्रेक कोणी लावला?"

"मी," वहिनी म्हणाल्या.

"बरोबर जागेवर बसलात तुम्ही. तिथेच बसत जा."

मागे कोणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच हसले. तो नवी गाडी घेतलेला पठ्ठ्याही कोणाला तरी सोडायला आला होता, तो म्हणाला, "म्हणजे माझी गाडी चांगलीच आहे की!" मास्तर खाली मान घालून गोळीकडे बघत राहिला. ते बघायला मी रस्त्यावर पडून जिवंत होतो, यापेक्षा जास्त मला काही नको होतं.

गाडी ओढून नेली. नवा जॉइंट, नवा बूट, नवं ग्रीस. काम तात्पुरते मिस्त्रीनेच केलं, पण वहिनी शेजारी स्टूल टाकून बसल्या होत्या, त्यामुळे त्या दिवशी त्याच्या तोंडून 'तात्पुरतं' हा शब्द निघाला नाही. त्याने मला भंगाराच्या पिंपात टाकलं. वहिनींनी बाहेर काढलं.

"याला कुठे नेताय?" मिस्त्रीने विचारलं.

"शाळेत."

त्यांनी मला रॉकेलने धुतलं, सापडल्या तेवढ्या गोळ्या पुन्हा खोबणीत बसवल्या आणि या टेबलावर ठेवलं, मास्तरच्या खुर्चीच्या नेमकं समोर. मास्तर म्हणाला, "ही घाण इथे कशाला?" वहिनी म्हणाल्या, "असू दे. कागद उडतात." परवान्याचे कबूल केलेले कागदही त्याला करून द्यावे लागले. ते पूर्ण झाल्यावर बायकांची सकाळची तुकडी सुरू झाली. शिवणकामवाल्या बाई पहिल्या.

आता पहिला धडा माझ्यापासून सुरू होतो. वहिनी मला प्रत्येकीच्या हातात देतात, फिरवायला लावतात, खरवडलेल्या खोबणीवरून नख ओढायला लावतात. मग सगळ्याजणी गाडीशी जातात, चाक पूर्ण वळवतात आणि बुटाच्या घड्या बघतात. तुम्हीही तेच करा. दर वेळी तेल बदलाल तेव्हा एकदा वाका. घडीत भेग दिसली तर बूट तेव्हाच बदला, ग्रीस नवं भरा. चाकाच्या आत काळे शिंतोडे दिसले तर त्यांना डांबर म्हणू नका. आणि टकटक ऐकू आली तर समजा की फार उशीर झालाय, कोणीतरी तुमच्या गाडीखाली दिवस मोजतंय. माझ्यासारखं ते मोक्याची जागा शोधत असेल, तर तुमचं तुम्ही बघा.

मास्तरचं म्हणाल, तर त्याची शिक्षा चालू आहे. संध्याकाळची तुकडी अजून त्याचीच असते. परवा एक मुलगी नाव घालायला आली. खुर्चीत बसत म्हणाली, "सर, माझा दादा तुमच्याकडेच शिकलाय. त्याने सांगितलंय, टकटक येईपर्यंत वळवायचं. हो ना?"

मास्तरने दाराकडे बघितलं. वहिनी तिथे किल्ली घेऊन उभ्या होत्या. मग त्याने हात पुढे केला, मला उचललं, जड आहे म्हणून दोन्ही हातांनी, आणि म्हणाला, "नाही. ते... ते मी चुकीचं सांगायचो. टकटक यायच्या आधी थांबायचं. हे बघ, हे असं होतं."

महिन्यातून कितीदा तरी त्याला हे वाक्य म्हणावं लागतं, कारण त्याचे जुने शिष्य गावभर आहेत आणि सगळ्यांना धाकटी भावंडं आहेत. दर वेळी तो मला खाली ठेवतो आणि तळहात बघतो. तळहातावर काळा डाग असतो. रुमालाने पुसतो, साबणाने घासतो, तरी तो संध्याकाळपर्यंत जात नाही. वहिनींनी मला स्वच्छ धुतलंय, बायकांच्या हातांना काही लागत नाही. पण एका खोबणीच्या तळाशी थोडं ग्रीस मी राखून ठेवलंय, फक्त त्याच्यासाठी.